चेहऱ्यावरचं तेल, मुशीचं तेल

सातपाटीहून एका तरुण वाचक मुलीने विचारलं आहे: घरातल्या बायका वर्षानुवर्षं बंदरावर उन्हात बसून मासळी निवडतात, वाळवतात, त्यांच्या गालांवर वांग उठले आहेत. पालघर-बोईसरच्या दुकानांत आता ‘वनस्पतिजन्य अँटिऑक्सिडंट’ असं लिहिलेली सीरमं मिळतात. बाटली महाग असते. त्याने खरंच काही होतं का? की जांभळं, आवळे, नीरा एवढ्याने भागेल?

प्रश्न नेमका आहे. आणि तो अशा गावातून आला आहे, जिथे त्याच्या उत्तराचा निम्मा भाग रोज उन्हात वाळत घातलेला असतो.

बोंबील वलांडीवर टांगला की दोन-चार दिवसांत कडकडीत होतो आणि नीट ठेवला तर बराच काळ टिकतो. सुक्या बांगड्याचं तसं नाही. तो नीट झाकून ठेवला नाही तर पोटाकडून पिवळसर पडतो आणि खवट लागतो. बोंबलात चरबी नाममात्र असते, बांगड्यात भरपूर, आणि तीही अशी की जिच्या रेणूंत दुहेरी बंध जागोजागी असतात. हवेतला प्राणवायू त्या बंधांशेजारी हल्ला करतो. एक रेणू बिघडला की त्याच्या अंगावर एक एकटा, जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन उरतो. असा रेणू म्हणजे मुक्त मूलक. तो शेजाऱ्याकडून हायड्रोजनचा अणू ओढून घेतो आणि स्वतः शांत होतो. आता शेजारी मूलक झालेला असतो. तो पुढच्याकडून ओढतो. अशा एका सुरुवातीतून चरबीचे कितीतरी रेणू नासत जातात. ऊन, मीठ आणि लोहाचे कण ही साखळी सुरू व्हायला हातभार लावतात, आणि मासळीच्या वाळवणात हे तिन्ही हजर असतात.

आता हेच चेहऱ्यावर पाहू. आपल्या त्वचेवर तेलाचा जो पातळ थर असतो, त्याचा साधारण आठवा भाग स्क्वालिन नावाच्या पदार्थाचा असतो. हे स्क्वालिन पहिल्यांदा सापडलं ते माणसाच्या गालावर नव्हे, तर मुशीच्या यकृताच्या तेलात. जपानी रसायनशास्त्रज्ञ मित्सुमारू त्सुजिमोतो यांनी 1906 साली ते वेगळं काढलं. मुशी आणि माणूस यांच्यात उत्क्रांतीच्या दृष्टीने केवढं तरी अंतर, पण हा रेणू दोघांकडे अगदी एकच. मला ही गोष्ट फार आवडते. मुशीला त्याचा उपयोग पाण्यात तरंगण्यासाठी, आपल्याला त्वचेचं तेल म्हणून. स्क्वालिनमध्ये सहा दुहेरी बंध असतात, म्हणजे प्राणवायूला शिरायला सहा जागा. दुपारचं ऊन चेहऱ्यावर पडलं की त्वचेत सर्वांत आधी नासणाऱ्या रेणूंत स्क्वालिनचा नंबर लागतो. बांगड्याच्या पोटात जे घडतं, त्याच कुळातली क्रिया गालावर घडते. शरीराला हे ठाऊक असल्यासारखी व्यवस्थाही तिथेच आहे: त्याच तेलातून ई जीवनसत्त्वही बाहेर पडतं. ते साखळीतल्या मूलकाला स्वतःजवळचा हायड्रोजन देतं आणि स्वतः मूलक बनतं, पण असं मवाळ की पुढे कुणाकडून ओढत नाही. साखळी तिथे तुटते. मग क जीवनसत्त्व येऊन त्या थकलेल्या ई ला पुन्हा कामावर उभं करतं.

अँटिऑक्सिडंट म्हणजे एवढंच. मात्र ही कल्पना कुठून आली, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने अ‍ॅक्रोलिन नावाचा वायू शत्रूवर सोडायला घेतला. कढईत तेल जळालं की डोळ्यांत पाणी आणणारा जो धूर उठतो, त्यात हाच असतो. पण साठवलेलं अ‍ॅक्रोलिन काही दिवसांत घट्ट होऊन निकामी व्हायचं. शार्ल मुरो आणि शार्ल द्युफ्रेस या रसायनशास्त्रज्ञांवर ते टिकवायची जबाबदारी आली. त्यांना दिसलं की प्राणवायूचा शिरकाव हेच बिघडण्याचं मूळ आहे आणि हायड्रोक्विनोनसारखा एखादा फिनॉल चिमूटभर घातला तर अ‍ॅक्रोलिन टिकतं. युद्ध संपल्यावर त्यांनी तो धागा सोडला नाही. चरबी, तेल, रबर, जिथे जिथे प्राणवायू नासधूस करतो तिथे तिथे हे फिनॉल आडवे येतात, हे त्यांनी 1920 च्या दशकात दाखवून दिलं. तोफखान्याच्या कामातून निघालेल्या या ज्ञानावर आज डब्यातलं तेल टिकतं.

या गोष्टीला वांगाशी जोडणारा एक दुवा आहे. तेच हायड्रोक्विनोन आज त्वचेचे डाग फिके करणाऱ्या मलमांत असतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक आठवडे वापरलं तर ते वांगावर काम करतं. दुकानातून स्वतःच आणून महिनोन्‌महिने चोळलं तर काहींच्या गालांवर निळसर-काळे, न जाणारे डाग पडतात. एकाच रेणूचे हे तीन व्यवसाय आहेत: वायू टिकवणं, डाग घालवणं, डाग पाडणं. रसायनाच्या नावावरून त्याचा गुण ठरत नाही. कुठे, किती आणि किती दिवस, यावर ठरतो.

असे फिनॉल वनस्पतीही बनवतात, आणि भरपूर. का? जांभळाच्या झाडाला दुपारी सावलीत जाता येत नाही. प्रकाशसंश्लेषण हा प्राणवायू आणि प्रकाश यांच्याशी दिवसभर चाललेला धोक्याचा व्यवहार आहे. हरितद्रव्याने शोषलेली ऊर्जा जास्त झाली की ती प्राणवायूच्याच अंगावर जाते आणि त्याला भडक रूप देते. म्हणून पानात कॅरोटिनॉइड असतात, जे ही जादा ऊर्जा उष्णता म्हणून सोडून देतात. फळाच्या सालीत जांभळे, लाल रंग असतात, जे प्रकाश गाळतात. आपल्या पालघर तालुक्यातलं बहाडोलीचं जांभूळ जिभेला जो रंग चढवतं, तो त्याच कुळातला. घोलवडच्या कच्च्या चिकूचा तुरटपणा, केळवे-माहीमच्या पानाची तिखट चव, हे सगळे फिनॉलच. सातपाटीच्या मांगेले आणि वैती घरांना फिनॉलची आणखी एक ओळख होती. नायलॉन येण्याआधी सुताची जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळून लाल-तपकिरी केली जायची. सालीतलं टॅनिन सूत कुजवणाऱ्या जिवाणूंना रोखायचं.

झाडाला हे सगळं उपयोगी आहे, यात शंका नाही. मधला प्रश्न मात्र राहतोच: झाडाच्या त्वचेसाठी बनलेलं माणसाच्या त्वचेला कितपत लागू पडतं?

आधी बाटलीबद्दल. या क्षेत्रातलं सर्वांत काळजीपूर्वक झालेलं काम अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या शेल्डन पिनेल यांचं. त्यांनी 2001 साली दाखवलं की क जीवनसत्त्व त्वचेत शिरायचं असेल तर द्राव चांगलाच आंबट लागतो, सामू 3.5 पेक्षा कमी, आणि प्रमाण 20 टक्क्यांपुढे नेऊन उपयोग नाही. पुढे 15 टक्के क आणि 1 टक्का ई एकत्र लावल्यावर त्वचेचं उन्हापासून संरक्षण सुमारे चौपट झालं. 2005 मध्ये त्यांनी त्यात अर्धा टक्का फेरुलिक आम्ल घातलं आणि ते संरक्षण आठपटीच्या आसपास गेलं. हे फेरुलिक आम्ल तांदळाच्या कोंड्यात भरपूर असतं. पण 1866 साली ते प्रथम मिळालं ते हिंगातून. आपल्या फोडणीच्या डबीतला हिंग आणि हजारो रुपयांचं सीरम यांचं असं नातं आहे.

मात्र त्या प्रयोगांत त्वचा डुकराची होती. डुकराची त्वचा माणसाच्या त्वचेला बरीच जवळची असते म्हणून तशी निवड होते. ती गैर नाही. पण प्रयोगशाळेतल्या दिव्याखाली एकदा होरपळणं आणि बंदरावर वीस वर्षं बसणं यांत फरक आहे. शिवाय पिनेल यांचं संशोधन एका प्रसाधन कंपनीचा पाया झालं, हेही वाचकाला माहीत असायला हवं. आणि क जीवनसत्त्व बाटलीत टिकत नाही. उजेड, हवा आणि उष्णता लागली की ते पिवळं, मग तपकिरी होतं. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत ठेवलेली बाटली तपकिरी झाली असेल तर तिने आपलं काम हवेशी उरकून घेतलेलं असतं.

हळदीचं असंच. पांढऱ्या कापडावर हळदीचा डाग पडला की साबणाने जात नाही. पण ते कापड दोरीवर उन्हात टाकलं की डाग फिका होत जातो. कुरकुमिन प्रकाशात तुटतं, म्हणून. मग तेच कुरकुमिन उन्हापासून आपलं रक्षण करेल, अशी अपेक्षा चेहऱ्यावर लेप लावून उन्हात जाणाऱ्याने कितपत धरावी? डॉ. रघुनाथ माशेलकर आणि सीएसआयआर यांनी जखमेवरच्या हळदीचं अमेरिकी पेटंट 1997 साली रद्द करून घेतलं, त्याचा सार्थ अभिमान आपल्याला आहे. पण तिथे सिद्ध झालं ते हे, की हा उपयोग आपल्याकडे आधीपासून माहीत होता. हळदीचा गुण किती येतो, हा प्रश्न त्या खटल्यापुढे नव्हता. 2017 साली कुरकुमिनवरच्या शंभराहून अधिक वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांना, दोन्ही बाजूंनी डोळे बांधून केलेली एकही निर्विवाद यशस्वी चाचणी सापडली नाही. परंपरेचा हक्क राखणं आणि परंपरेची परीक्षा घेणं, दोन्ही करायला हवं.

खाण्याबद्दल बोलायचं तर चित्र बाटलीपेक्षा थोडं आशादायक आहे, पण जाहिरातीइतकं नाही. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये विल्हेल्म श्टाल आणि हेल्मुट झीस यांनी 2001 मध्ये लोकांना रोज 40 ग्रॅम टोमॅटोचा घट्ट रस ऑलिव्ह तेलातून दिला. दहा आठवड्यांनी त्यांची कातडी उन्हाने लाल होण्याचं प्रमाण सुमारे 40 टक्के कमी झालं. माणसं मोजकीच होती आणि गोरी होती. आणि दहा आठवडे हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. क जीवनसत्त्वाबाबत अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या मार्क लेव्हिन यांनी 1996 मध्ये दाखवलं की दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या पुढे रक्तातलं प्रमाण फारसं वाढत नाही. उरलेलं लघवीतून जातं. तेवढं क जीवनसत्त्व एका पेरूत असू शकतं. कोलॅजन हे त्वचेतलं प्रथिन विणायला शरीराला क लागतंच, ते नसेल तर स्कर्व्ही होतो. पण पुरेसं असताना आणखी घालून जादा कोलॅजन मिळत नाही.

गोळ्यांचा इतिहास तर सावध करणारा आहे. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटिनच्या किंवा ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या, किंवा नुसत्या खोट्या गोळ्या दिल्या गेल्या. 1994 मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त. गाजर खाणाऱ्यांना कर्करोग कमी होतो, असं निरीक्षण आधी होतं, त्यामुळे सगळ्यांनाच धक्का बसला. गाजर आणि त्यातून काढलेला एक रेणू यांत फरक असतो. मुक्त मूलकांची तर शरीराला गरजही असते. पेशी त्यांच्याकडून निरोप पोचवून घेतात, पांढऱ्या पेशी त्यांनी जंतू मारतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने फळांची ‘अँटिऑक्सिडंट शक्ती’ सांगणारी आपली यादी 2012 मध्ये मागे घेतली. परीक्षानळीतला आकडा शरीरात काय होतं ते सांगत नाही, आणि कंपन्या तो आकडा वेष्टनांवर छापत होत्या, हेच तिचं कारण होतं.

सातपाटीच्या पत्रलेखिकेसाठी मला सर्वांत मोलाची वाटते ती चाचणी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधल्या नॅम्बर या गावात झाली. 1992 पासून साडेचार वर्षं, 1,621 गावकरी. काहींनी रोज सनस्क्रीन लावायचं, काहींनी नेहमीसारखं वागायचं. आणि दोन्ही गटांत काहींना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या, काहींना खोट्या. अ‍ॅडेल ग्रीन यांच्या नेतृत्वाखाली हे काम झालं. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या गाठी सुमारे 40 टक्के कमी निघाल्या. पुढे त्याच गावकऱ्यांच्या हातावरच्या त्वचेचे ठसे तपासले, तर रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा साडेचार वर्षांत जवळपास वय वाढल्यासारखी दिसलीच नाही. बीटा-कॅरोटिनच्या गोळ्यांनी दोन्हींत काही फरक पडला नाही. ऊन अडवलं ते सनस्क्रीनने आणि नुकसान टळलं ते ऊन अडवल्यानेच.

अशा प्रश्नांची उत्तरं कशी शोधावीत, हे आपल्या मराठी वाचकांना एका बाईंनी फार आधी दाखवलं होतं, आणि त्यांचं नाव या संदर्भात कुणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं. कमलाबाई सोहोनी, पूर्वाश्रमीच्या भागवत. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला तो साक्षात सी. व्ही. रामन यांनी. कमलाबाई ठाम राहिल्या, प्रवेश घेतला आणि पुढे केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी नोबेल मिळवलेल्या हॉपकिन्स यांची ती प्रयोगशाळा. तिथे रॉबिन हिल यांच्यासोबत त्यांनी बटाट्यावर काम केलं आणि वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी आहे, हे दाखवलं. प्राण्यांच्या श्वसनात प्राणवायूकडे इलेक्ट्रॉन पोचवणारी जी साखळी आहे, ती झाडांतही आहे, हा त्याचा अर्थ. 1939 साली त्यांना पीएचडी मिळाली. शोधनिबंध सुमारे चाळीस टंकलिखित पानांचा.

या साखळीतून जाताना काही इलेक्ट्रॉन वाटेत गळतात आणि प्राणवायूला चिकटून सुपरऑक्साइड नावाचं मूलक तयार होतं. 1969 मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या जो मॅकॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी या मूलकाला निष्प्रभ करणारं विकर शोधलं. ते मोजायला त्यांनी जे प्रथिन वापरलं, ते होतं सायटोक्रोम सी. कमलाबाईंनी ज्याचा माग वनस्पतींत काढला, त्याच प्रथिनाच्या रंगबदलावरून शरीराच्या स्वतःच्या अँटिऑक्सिडंट संरक्षणाचा पत्ता लागला. हे विकर आपल्या त्वचेत प्रत्येक पेशीत असतं, बाटली न विकत घेता.

मायदेशी परतल्यावर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी डाळी, कडधान्यं आणि नीरा यांवर काम केलं. नीरेवर काम करायचं सुचवलं ते राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी. नीरेत त्यांना अ आणि क जीवनसत्त्वं आणि लोह आढळलं, आणि आदिवासी कुपोषित मुलं व गरोदर बायांना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारली, असं त्यांच्या कामातून दिसलं. त्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पालघर किनाऱ्याला, जिथे ताडाची झाडं वाडीवाडीत आहेत, हे संशोधन आपलंच वाटायला हवं. पण कमलाबाई नीरा म्हणजे अमृत असं म्हणून थांबल्या नाहीत. त्यांनी त्यातले घटक मोजले, कुपोषितांना नीरा दिली आणि बदल नोंदवला. पुढे त्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या कामात उतरल्या, 1982-83 मध्ये तिच्या अध्यक्षही होत्या, आणि संस्थेच्या ‘कीमत’ मासिकात ग्राहकांसाठी लिहीत राहिल्या. केंब्रिजला विकरं मोजणाऱ्या बाई दुकानातल्या मालाचे दावे तपासत होत्या. आजच्या सीरमच्या बाटलीवर त्यांची नजर पडायला हवी होती: घटक किती टक्के, कशात मिसळलेला, टिकतो किती दिवस, कुणाच्या त्वचेवर तपासला, पैसे कुणी दिले.

त्या नजरेने मूळ प्रश्नाकडे पाहिलं तर सातपाटीसाठी काही गोष्टी वेगळ्या निघतात. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन हे मोठं संरक्षण आहे. 1979 च्या एका अभ्यासात काळ्या माणसांच्या त्वचेचा वरचा थर गोऱ्यांच्या मानाने अतिनील प्रकाशापासून सुमारे चौपट संरक्षण देतो, असं आढळलं. म्हणूनच आपल्याकडे उन्हाने होणारा त्वचेचा कर्करोग विरळा. आपली अडचण वांगाची, डागांची. आणि वांगाला अतिनील किरणांबरोबरच डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही जबाबदार असतो. नेहमीचं पांढरं सनस्क्रीन तो प्रकाश अडवत नाही. लोहाच्या ऑक्साइडचा मातकट रंग असलेलं सनस्क्रीन तो अडवतं. गेरूचा लाल रंग ज्याने येतो, तोच हा पदार्थ. वांग असलेल्या बाईने सीरमऐवजी यावर खर्च केला तर फायदा अधिक. गरोदरपण आणि गर्भनिरोधक गोळ्यांनीही वांग वाढतात, तेव्हा डॉक्टरांना तेही सांगावं.

सनस्क्रीनच्याही आधी कापड आणि सावली. मार्च ते मे या महिन्यांत आपल्या किनाऱ्यावर दुपारी अतिनील निर्देशांक 11 च्या घरात जातो. जागतिक आरोग्य संघटना त्याला टोकाचा म्हणते. कोरडी वाळू त्यातला सुमारे 15 टक्के भाग वर फेकते, समुद्राचा फेस सुमारे 25 टक्के, म्हणून टोपी असूनही हनुवटी रापते. मासळी निवडायच्या जागेवर छप्पर असणं आणि वाळवणाचं काम शक्य तेवढं सकाळी-संध्याकाळी होणं, हा त्वचेचा सर्वांत मोठा उपाय आहे. तो कुठल्याही बाटलीत येत नाही. तो मच्छीमार सोसायटीने, ग्रामपंचायतीने, बंदर खात्याने करायचा आहे.

आणि जांभळं? जून आला की बहाडोलीची जरूर खावीत. आवळा, पेरू, शेवग्याचा पाला, लाल टोमॅटोची आमटी, पहाटेची थंड नीरा मिळाली तर तीही. ती शरीराला क जीवनसत्त्वाची, कॅरोटिनॉइडची रसद पुरवतात आणि पोटाला आनंद देतात. त्वचेला त्यातून जो थोडाफार फायदा होईल, तो दहा आठवडे सलग खाल्ल्यावर. छप्पर मात्र पहिल्याच दुपारी काम सुरू करतं.